साथीसाठी स्टाफ ट्रेनिंग: हेडसेट बघण्याआधी सीन लिहायला घ्या

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शहाद्याकडच्या तुमच्या साठ बेडच्या ट्रस्ट हॉस्पिटलला एक देणगीदार पैसे द्यायला तयार आहेत, मॅनेजमेंटचं म्हणणं त्यातून व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी) हेडसेट नि सॉफ्टवेअर घेऊ, म्हणजे पुन्हा कोविडसारखी साथ आली तर पेशंटजवळ न नेता स्टाफला शिकवता येईल, आणि इन्चार्ज सिस्टर म्हणून तुमचं मत मागितलंय. शेवटी तुम्ही लिहिलंय, "माझ्याकडे निम्म्या मुली नवीन आहेत, आयसीयू बघितलेल्या दोनच आहेत." माझ्या मते खरा प्रश्न या शेवटच्या वाक्यात आहे. हेडसेट घ्यावा का हे नंतर बघू, आधी हे बघू की जनरल वॉर्डची मुलगी आठवडाभरात ऑक्सिजनच्या पेशंटजवळ एकटी उभी राहायची वेळ आली तर ती तयार कशी होणार.

मी आधी आयसीयूत सिस्टर होते, आता बरीच वर्षं नर्सिंग ट्यूटर आहे, आणि कोविडच्या दोन्ही लाटांत जळगाव-धुळे पट्ट्यात ओटी, ओपीडी, मॅटर्निटीच्या मुलींना कोविड वॉर्डसाठी तयार करायचं काम केलंय. त्यामुळे जे सांगतेय ते त्या अनुभवातून. तुमच्याकडे नेट कसं आहे, रात्री ड्युटीवर किती जणी असतात, डॉक्टर राहायला आवारात आहेत का, यावर बरंच काही बदलतं, ते जिथे बदलतं तिथे सांगतेच.

एक गोष्ट आधी मोकळी करून घेऊ. व्हर्च्युअल सिम्युलेशन, म्हणजे खोटा प्रसंग स्क्रीनवर उभा करून सराव, म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर डोक्याला लावायचा डबा येतो, पण ते त्यातलं एक टोक झालं. मोबाइलवर केस उघडते, पेशंटची माहिती येते, तुम्ही काय कराल ते निवडता आणि निवडलं त्याप्रमाणे पेशंट सुधारतो किंवा बिघडतो, हे पण व्हर्च्युअल सिम्युलेशनच. झूमवर सात-आठ जणी बसल्यात, ट्यूटर स्क्रीनवर मॉनिटर दाखवतेय, एक जण पेशंटचा आवाज काढतेय आणि मुली सांगतायत की आता मी हे करते, हेही तेच. फक्त व्हिडिओ लेक्चर मात्र यात धरू नका. एप्रिल २०२० मध्ये सरकारने दीक्षा प्लॅटफॉर्मवर आयगॉटचे कोर्स आणले ते चांगले होते, पीपीई, इन्फेक्शन कंट्रोल, व्हेंटिलेटरची ओळख सगळं होतं, आम्ही पण सगळ्यांना करायला लावले. पण व्हिडिओ बघणाऱ्याला काही ठरवावं लागत नाही, आणि वॉर्डात माणूस अडकतो ते ठरवण्याच्याच जागी.

आता कशाला काय चालतं. माझा नियम साधा आहे, जे काम खऱ्या ड्युटीवर पण डोक्याने, तोंडाने किंवा फोनवर होतं ते स्क्रीनवर उत्तम शिकवता येतं. जे हाताने होतं ते स्क्रीनवर फक्त क्रमापर्यंत शिकवता येतं, पुढचं हातानेच करावं लागतं. हेडसेटच्या कंट्रोलरने लॅरिंगोस्कोप, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालताना घसा बघायचं उपकरण, धरल्यासारखं वाटतं पण हाताला वजन लागत नाही, जबडा उचलायला किती जोर लागतो ते कळत नाही. सीपीआरचंही, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबण्याचंही, तसंच, मिनिटाला १०० ते १२० आणि पाच ते सहा सेंटिमीटर खोल हे पाठ होईल, पण दोन मिनिटांत खांदे कसे भरून येतात ते मॅनिकिनवरच, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावरच, समजतं, आणि पीपीई घालून मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ डिग्रीला करायचं म्हणजे तर वेगळीच गोष्ट.

डॉफिंगचं, म्हणजे पीपीई काढण्याचं, उदाहरण घ्या. क्रम स्क्रीनवर शिकवा, हातमोजे, मग गॉगल किंवा शील्ड, मग गाऊन, मास्क सगळ्यात शेवटी आणि खोलीच्या बाहेर येऊन, आणि हात साफ, रबने २० ते ३० सेकंद, पाण्याने धुतले तर ४० ते ६०. मुलींना हे दोन दिवसांत तोंडपाठ होतं. मग त्यांना खरा पीपीई द्या आणि मोज्यांवर नि गाऊनच्या पुढच्या बाजूला पाण्यात कालवलेला लाल पोस्टर कलर लावा. मोठ्या सेंटरला यासाठी चमकणारी पावडर नि यूव्ही टॉर्च असते, आम्ही कलरवर भागवलं. आता काढायला सांगा. रंग कुठे सापडतो बघा, मनगटावर, कानामागे मास्कच्या इलॅस्टिकपाशी, केसांच्या टोपीखाली कपाळावर, आणि बऱ्याच जणींच्या बाबतीत गळ्याशी, कारण गाऊनची गाठ सुटत नाही म्हणून मान वाकवून ओढतात. क्रम शंभर टक्के बरोबर म्हणून दाखवणारी मुलगी आरशात गळ्याचा लाल डाग बघते तेव्हा तिला वेगळं काही सांगावं लागत नाही. हे कोणताही हेडसेट शिकवणार नाही, पण स्क्रीनवर क्रम आधी झाला असेल तर हे प्रॅक्टिकल वीस मिनिटांत आटपतं आणि पीपीई पण कमी खर्ची पडतात. २०२० च्या सुरुवातीला पीपीई किटची काय ओढाताण होती ते तुम्हाला आठवत असेलच, प्रॅक्टिससाठी किट मागायचं म्हणजे स्टोअरवाले तोंडाकडे बघायचे. व्हर्च्युअलचा फायदा इथे खरा आहे, ते समोरासमोरचा थोडका वेळ नि थोडकं सामान वाचवतं.

आता जिथे स्क्रीन खरंच भारी पडते ते सांगते. नातेवाइकांशी बोलणं. कोविडमध्ये हे बोलणं झालंच फोनवर आणि व्हिडिओ कॉलवर, म्हणजे झूमवर सराव केला तर तो खऱ्या परिस्थितीसारखाच होतो, काही नकली राहत नाही. आम्ही एका सहकाऱ्याला मुलगा बनवायचो, तो शिरपूरहून फोन करतोय असं धरायचं, आणि अहिराणीतून सुरू व्हायचा, "मन्हा बाप कसा शे?" आणि बापाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, सकाळपासून घसरतंय. काही मुली डायरेक्ट आकडे सांगायला लागायच्या, काही "ठीक आहे, काळजी करू नका" म्हणून मोकळ्या व्हायच्या. मग थांबवून बोलायचं की त्याला आज रात्री काय कळायला हवं, निघून यायला हवं का, आणि आपण काय सांगू शकतो नि काय डॉक्टरांनी सांगायचं. भाषेचा मुद्दा इथे फार महत्त्वाचा आहे, तुमच्याकडे तर अहिराणीसोबत भिलोरी, पावरी बोलणारे पेशंट येतात. विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमधला पेशंट इंग्रजीत श्वास लागतोय म्हणतो, आपल्याकडचा म्हातारा "माले दम लागी ऱ्हायना" एवढंच म्हणतो, आणि कधी कधी तेही न म्हणता फक्त मास्क काढून टाकतो. ते बघून ओळखायला शिकवायचंय.

ऑक्सिजनचा हिशोब हा दुसरा विषय स्क्रीनसाठी एकदम योग्य, आणि माझ्या दृष्टीने साठ बेडच्या हॉस्पिटलसाठी हाच पहिला सीन, म्हणजे सरावासाठी लिहिलेला प्रसंग, असायला हवा. भरलेल्या जंबो सिलेंडरमध्ये साधारण सात घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर ऑक्सिजन. पिशवीवाल्या मास्कवर १५ लिटरने एक पेशंट असेल तर पावणेआठ तास. तोच एचएफएनसीवर, म्हणजे नाकातून जोराने ऑक्सिजन देणाऱ्या मशीनवर, ६० लिटर, शंभर टक्क्यावर गेला तर दोन तास पण नाही. छोटा बी टाइप, दीड घनमीटरचा, १० लिटरवर अडीच तास जातो. हे सगळं भरलेल्या सिलेंडरचं, गेजवर निम्मं असेल तर निम्माच वेळ. मुलीला हे सूत्र शिकवू नका, सीनमध्ये टाका. रात्रीचे अकरा, तीन पेशंट, तीन फ्लो, गेजचे तीन फोटो, पुढचा टँकर किंवा गाडी सकाळी सातला, आता तू काय करशील? एकीचं सॅच्युरेशन ९८ आहे आणि तरी १५ लिटर चालू आहे, ते कोणी कमी करत नाही कारण कमी करायची भीती वाटते. बहुतेक पेशंटला ९२ ते ९६ पुरतं, सीओपीडीवाल्याला, म्हणजे फुप्फुसाचा जुनाट आजार असलेल्याला, ८८ ते ९२. हे ज्या मुलीने सीनमध्ये एकदा स्वतः ठरवलंय ती ड्युटीवर डॉक्टरांना आपणहून विचारते, सर हिचा फ्लो कमी करू का.

२०२१ मध्ये तुमच्याच नंदुरबार जिल्ह्यात ऑक्सिजन नर्स ही कल्पना राबवली गेली, म्हणजे ऑक्सिजनवरच्या पेशंटांचा फ्लो नि सॅच्युरेशन बघत फिरायचं काम एका नर्सकडे सोपवलेलं, आणि पुढे राज्यभर त्याचं उदाहरण दिलं गेलं. त्यात मशीन काही नव्हतं, एका माणसाला एक स्पष्ट काम होतं. तुमच्या ट्रेनिंगमध्ये अशी भूमिका तयार करता आली तर ती कोणत्याही हेडसेटपेक्षा जास्त पेशंट सांभाळेल असं मला मनापासून वाटतं. आणि दुसरा सीन ऑक्सिजनच्या पाइपलाइनचं प्रेशर अचानक पडल्याचा ठेवा. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकला टाकीतून ऑक्सिजन गळती झाली आणि वीसहून जास्त पेशंट गेले, त्यानंतर मी हा सीन कधी वगळलेला नाही. अलार्म वाजला तर पहिल्या मिनिटात कोण कुठे पळणार, कोणत्या पेशंटला आधी सिलेंडर, हाताने दाबून श्वास द्यायची अँबू बॅग कुठे, हे कागदावर सगळ्यांना येतं. झूमवर घड्याळ लावून विचारलं की शांतता पसरते.

अशाच एका झूम सेशनमधलं सांगते. हॉस्पिटल सांगत नाही. पेशंट अठ्ठावन्न वर्षांचा, एनआरबीएमवर, म्हणजे पिशवीवाल्या मास्कवर, १५ लिटर, सॅच्युरेशन ९३. मी मॉनिटर हळूहळू खाली आणला, ९०, ८८, ८५. मुलीने छान केलं, प्रोब बघितला, मास्कची पिशवी फुगतेय का बघितली, गेज बघितला, पेशंट शुद्धीवर आहे म्हणून पालथं व्हायला सांगितलं, आणि म्हणाली आता डॉक्टरांना फोन करते. मी विचारलं, कुठून? ती म्हणाली, फोन बाहेर आहे, आत न्यायला बंदी आहे. मग? मग काचेवर टकटक करते. काचेपलीकडे रात्री कोण असतं? कोणीच नाही, सिस्टर दुसऱ्या बाजूला असतात. आठ जणी होत्या स्क्रीनवर आणि सगळ्या त्याच वॉर्डात ड्युटी करून आलेल्या, हे भोक सगळ्यांना माहीत होतं पण कोणी बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आत एक साधा बटनवाला फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून कायमचा ठेवला गेला आणि डॉक्टरांचे नंबर भिंतीवर चिकटवले. सिम्युलेशनचा अर्धा फायदा हा असतो, माणूस शिकतोच, पण वॉर्डातली भोकं पण दिसतात. पण ती दिसायला सीन तुमच्याच वॉर्डाचा लागतो. तयार सॉफ्टवेअरमधल्या चकाचक आयसीयूत फोन प्रत्येक बेडजवळ असतो.

म्हणून मी सीन लिहायला सांगते. आणि ते अवघड नाही. गूगल फॉर्ममध्ये उत्तराप्रमाणे पुढच्या वेगळ्या सेक्शनला पाठवायची सोय आहे, तेवढ्यावर फांद्या फुटणारी केस बनते. सुरुवातीला पेशंटची दोन ओळी माहिती आणि तुमच्याच वॉर्डातला बेड, मॉनिटर, फ्लोमीटरचा फोटो टाका, पेशंटचा नाही. तीन पर्याय द्या, आणि तीनही असे की थकलेली मुलगी ते खरंच निवडू शकेल, उगाच हास्यास्पद पर्याय नको. चुकीचं निवडलं तर लगेच चूक म्हणू नका, पुढच्या पानावर पेशंट बिघडलेला दाखवा आणि परत वळायची एक संधी द्या. नेट कमी असेल तर हे बऱ्यापैकी चालतं, धडगाव-अक्कलकुव्याकडे जिथे झूम तुटतं तिथे फॉर्म उघडतो, आणि अगदीच काही नाही तर केस कागदावर छापून पानं उलटायची नि चर्चा फोनवर करायची.

स्वतः लिहिण्याचा अजून एक मोठा फायदा, बदल करता येतो. साथीत नियम बदलत राहतात. एप्रिल २०२० च्या सुमाराला सूचना आल्या की सीपीआरला आत जाण्याआधी पीपीई घाला, आत कमीत कमी माणसं, अँबूला फिल्टर, आणि नंतर त्यात एकाहून जास्त वेळा सुधारणा झाल्या. प्लाझ्मा थेरपी मे २०२१ मध्ये आयसीएमआरच्या सूचनांतून काढली गेली. विकतच्या पॅकेजमध्ये बदल व्हायला कंपनीची वाट बघावी लागते, आपला फॉर्म संध्याकाळी बदलता येतो. फक्त प्रत्येक सीनवर तारीख टाका आणि तुमच्या फिजिशियन किंवा भूलतज्ज्ञांची नजर फिरवून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी जुनाच सीन कोणीतरी व्हॉट्सॲपवर फिरवतं.

आता ज्याच्याशिवाय हे सगळं वाया जातं ते. डीब्रीफिंग, म्हणजे सीन संपल्यावरची चर्चा. सीन पंधरा मिनिटांचा असेल तर नंतरची चर्चा तीस मिनिटांची ठेवा, उलटं करू नका. आणि सीनच्या आधी स्पष्ट सांगा की इथलं काहीही कॉन्फिडेन्शिअल रिपोर्टमध्ये जाणार नाही, पगाराशी संबंध नाही, रेकॉर्डिंग होणार नाही, आणि ते पाळा. पहिल्या काही सेशनला मेट्रन आणि एमएस (मेडिकल सुपरिटेंडंट) साहेबांना बसवू नका, त्यांचा मान ठेवून सांगा, नंतर बोलावू. आपल्याकडे मुली डॉक्टरांसमोर बोलत नाहीत, कमी मुदतीचा कोर्स केलेली एएनएम जीएनएम सिस्टरसमोर बोलत नाही, आणि वॉर्डबॉय तर कोणासमोरच नाही. चर्चेत मी आधी विचारते कसं वाटलं, मग काय काय घडलं ते त्यांच्याच तोंडून, मग एखादी जागा पकडून, "मॉनिटर ८८ झाला तेव्हा तू मास्क घट्ट केलास, त्या वेळी मनात काय होतं?" हे आरोपासारखं विचारायचं नाही, खरंच जाणून घ्यायला विचारायचं. बहुतेक वेळा मनात काहीतरी बरोबरच असतं, एखादी माहिती कमी असते. शेवटी, उद्याच्या ड्युटीला यातलं काय करणार, एक गोष्ट सांग. झूमवर अडचण अशी की चेहरे दिसत नाहीत, कोणी रडवेली झाली तर कळत नाही, म्हणून आठपेक्षा जास्त जणी घेऊ नका, कॅमेरा चालू ठेवायला सांगा, आणि मृत्यूचा सीन केला तर नंतर प्रत्येकीला वेगळा फोन करा. दुसऱ्या लाटेत ज्यांनी घरचं माणूस गमावलं अशा मुली तुमच्याकडेही असतील, त्यांना आधीच विचारा की हा सीन नको का.

आणि मावशी, वॉर्डबॉय यांना वगळू नका. रात्री सिलेंडर कोण बदलतं? चावी कोणाकडे असते? बॉडी पॅक कोण करतं? त्यांच्यासाठी ड्रेसिंग रूममध्ये एक फोन स्पीकरवर ठेवून, मराठी-अहिराणीत, दहा मिनिटांचे सीन चालतात. वाचायला काही ठेवू नका, सगळं बोलून.

मग हेडसेट? मॅनेजमेंटला कंपनीवाला बहुधा अमेरिकेतलं २०१४ चं नर्सिंग संशोधन दाखवेल, की वॉर्डातल्या प्रशिक्षणाचे निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनने भरून निघाले तरी फरक पडला नाही. ते संशोधन खरं आहे आणि चांगलं आहे, पण ते नर्सिंगच्या विद्यार्थिनींवर आहे, तिथे शिकवणारे तयार होते नि डीब्रीफिंग नीट होत होतं. मार्च २०२० अखेरीस सिम्युलेशनवाल्यांच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी साथीत व्हर्च्युअल सिम्युलेशनला पाठिंबा दिला, तोही मुख्यतः विद्यार्थ्यांचे क्लिनिकल तास बुडू नयेत म्हणून. तुमचा प्रश्न ड्युटीवरच्या स्टाफचा आहे. हेडसेट एका वेळी एकीच्या डोक्यावर, काहींना चक्कर-मळमळ होते, चष्मेवालीला त्रास, आणि साथीतच तो एकीच्या चेहऱ्यावरून दुसरीच्या चेहऱ्यावर जाणार म्हणजे प्रत्येक वेळी पुसायचा, वरचं कव्हर बदलायचं, आपल्या उन्हाळ्यात तर घामाने भिजणारच. त्यात वर्षाची सबस्क्रिप्शन, ती देणगीदार दरवर्षी भरणार का विचारून घ्या.

जिथे नर्सिंग कॉलेज जोडलेलं आहे, ट्यूटर पूर्णवेळ आहे, वर्षाला मोठी बॅच येते तिथे मी हेडसेटला नाही म्हणणार नाही, तिथे तो वापरला जाईल. किंवा जिल्ह्यातल्या चार-पाच हॉस्पिटलनी मिळून घेतला तरी विचार करता येईल. तुमच्या परिस्थितीत, माझं मत विचाराल तर, आत्ता नको. त्या पैशात सीपीआरचे चांगले मॅनिकिन, एन-९५ मास्क चेहऱ्यावर नीट बसतो का ते बघायचं फिट टेस्टचं किट, ते कडू-गोड स्प्रे नि हूडवालं, एक टॅबलेट मॉनिटर दाखवायला, चांगला माइक आणि राहिलेल्या पैशात तुमच्यापैकी दोघींना डीब्रीफिंगचं ट्रेनिंग. देणगीदाराला सांगताना हेडसेट नको असं सांगू नका, ही शिकलेली दोन माणसं आणि हे सामान बरीच वर्षं उपयोगी पडेल असं सांगा.

एक सवय मात्र आत्तापासून लावा, साथ यायची वाट बघू नका. हातातलं कौशल्य काही महिन्यांत विसरायला होतं, म्हणून वर्षातून एकदा दिवसभराचं वर्कशॉप घेण्यापेक्षा महिन्याला एक छोटा सीन, ड्युटी बदलताना ओव्हर, म्हणजे पेशंट पुढच्या पाळीला सोपवणं, झाल्यावर वीस मिनिटं. आणि वर्षातून एक-दोनदा तेच सीन खऱ्या वॉर्डात, खऱ्या सिलेंडरवर. १० आणि ११ एप्रिल २०२३ ला देशभर कोविडची मॉक ड्रिल झाली होती, तशा ड्रिलच्या आधी स्टाफने स्क्रीनवर सीन केलेला असला तर ड्रिलमध्ये नुसता फोटो काढून होत नाही, लोक खरंच पळतात आणि कुठली ट्रॉली दारात अडकते ते कळतं.

सुरुवात ऑक्सिजनच्या रात्रीच्या सीनने करा. मला एवढं कळवा की तुमच्याकडे पाइपलाइन किती बेडना आहे, जंबो किती असतात, रात्री दहानंतर सिलेंडर कोण बदलतं आणि पाना कुठे ठेवलेला असतो, त्यावर पहिला फॉर्म मी तयार करून पाठवते, मग तुम्ही तुमच्या दोन आयसीयूवाल्या मुलींना बसवून त्यात तुमच्या वॉर्डाप्रमाणे दुरुस्त्या करा.